डबीवर लिहिलं होतं ‘शिया बटर’

वसईला आठ दिवस राहून आले म्हटल्यावर कुडाळात ज्याने त्याने मला किल्ल्याचंच विचारलं. किल्ला मी पाहिला नाही. समुद्रही पाहिला नाही. समुद्र आमच्याकडे रग्गड आहे, त्यासाठी एवढी तंगडतोड कशाला? मी पाहिली ती नालासोपाऱ्यात तुळिंजची एक चार मजली इमारत, तिच्या तळमजल्यावरचं माझ्या भाचीचं ब्यूटी पार्लर आणि होळी गावातली एक वाडी. एवढ्याशा जागेत एका बाईचं राहतं घर पणाला लागलं आणि त्यात माझ्या हातच्या तेलाचा वाटा होता. म्हणून लिहायला बसले आहे. नाहीतर प्रवासाचं लिहिण्याइतकी मी काही हौशी नाही.

आधी माझं सांगते. मी कोकमवाली. उन्हाळ्यात कोकमाची सोलं वाळवायची, खारवलेल्या रसाचं आगळ भरायचं आणि पुढे पावसाळ्यात बसून बियांचं तेल काढायचं, हा माझा तीस वर्षांचा उद्योग. हे तेल थंड झालं की मेणासारखं घट्ट होतं आणि आम्ही ते मुठीत दाबून त्याचे गोळे वळतो. भेगाळलेल्या टाचांना, फुटलेल्या ओठांना त्याच्यासारखं दुसरं औषध नाही. वंदना ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती बारावीला होती, पुढचं सगळं माझ्याकडेच झालं. लग्न होऊन ती नालासोपाऱ्याला गेली आणि तिथे तिने पार्लर काढलं. दोन-तीन वर्षं ती माझ्याकडून तेलाचे गोळे मागवत होती, दर खेपेला आधीपेक्षा जास्त. यंदा माघात फोनवर म्हणाली, “मावशी, या वेळी तूच ये. आणि येताना असतील नसतील तेवढे गोळे घेऊन ये.” मला वाटलं, पोरीला माझी आठवण झाली. मी खूश!

शनिवार, तुळिंज

गाडीतलं काही सांगत नाही, गाडीत जे सगळ्यांचं होतं तेच माझं झालं. वंदना मला घ्यायला वसई रोडला आली होती. वाकून पाया पडली आणि माझी नजर तिच्या हातांवर गेली. अगो बाये! बोटांची पेरं तडकलेली, नखांच्या कडेला रक्त सुकलेलं, तळव्याची सालं निघालेली. पार्लरवालीचे हात की सुक्या मासळीची टोपली उपसणाऱ्या बाईचे? मी तिथेच फलाटावर ओरडले.

“हे काय गं करून घेतलंयस?”

“केमिकल असतं मावशी. हेअर कलर, ब्लीच, सगळ्यात हात घालावा लागतो.”

“मग माझं तेल काय देवाला वाहतेस?”

“संपलं होतं,” असं म्हणून तिने हात ओढणीखाली घेतले. गेल्या दिवाळीला मी पन्नास गोळे पाठवले होते. पन्नास गोळे एका माणसाच्या हातांना दहा वर्षं पुरतील. पण प्रवासाने डोकं भणभणत होतं, मी पुढे काही विचारलं नाही.

तुळिंजची गर्दी बघून मी चाटच पडले. आमच्या कुडाळच्या बाजाराला बुधवारी जेवढी माणसं असतात तेवढी तिथे एका वडापावच्या गाडीभोवती. भाजीवाल्या, रिक्षा, आरोळ्या, भोंगे, आणि रस्ता कुठे संपतो नि दुकान कुठे सुरू होतं याचा पत्ता नाही. इमारतीच्या दारात शिरलो आणि मी थबकले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक उंच, काळीभोर बाई डोक्याला रंगीत फडकं गुंडाळून बसली होती. दोन गुडघ्यांच्या मध्ये खालच्या पायरीवर तिची सहा-सात वर्षांची मुलगी. बाई कंगव्याच्या दांडीने मुलीच्या केसांत सुतासारखा सरळ भांग पाडत होती. शेजारी स्टीलचा डबा. त्यातून बोटाने पिवळसर काहीतरी घ्यायची, भांगावर चोळायची आणि मग भराभर बारीक वेणी घालायची. मुलगी रडत नव्हती, हलत नव्हती. आमच्याकडे पोरींची वेणी घालायची म्हणजे निम्मा वाडा गोळा होतो.

मी बघतच राहिले. असं टक लावून बघू नये हे साठीला टेकल्यावर तरी कळायला हवं होतं. पण ती बाई हसली आणि म्हणाली, “नमस्ते आंटी.”

मी एवढी गोंधळले की तिला इंग्रजीत “गुड मॉर्निंग” म्हटलं. संध्याकाळचे पाच वाजले होते.

रविवार, दुसरा मजला

तिचं नाव अझारा. घाना देशाची, तिथल्याही उत्तरेकडच्या भागातली. नवरा मुंबईतून तयार कपडे घेऊन आपल्या देशात पाठवायचा, म्हणून ही माणसं दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होती. तिला बाजारापुरतं हिंदी येत होतं, मला शाळेपुरतं इंग्रजी. तेवढ्यावर आमचं छान भागलं.

सकाळी तीच मला बोलवायला आली. वर गेले तर चुलीवर, म्हणजे गॅसवर, कढईत चवळीच्या वाटणाचे गोल वडे तळत होती. आणि तळत होती कशात? कालच्या त्या डब्यातल्या पिवळ्या लोण्यात! जे पोरीच्या डोक्याला लावलं तेच कढईत! माझ्या चेहऱ्यावर सगळं उमटलं असणार, कारण ती पोट धरून हसायला लागली.

“खाना भी, बाल भी, बच्चा भी,” ती म्हणाली. मूल जन्मलं की त्याला पहिलं मालीश याचंच, बाळंतिणीच्या पोटाला हेच, उन्हाने रापलेल्या कातडीला हेच, आणि भाजीलाही हेच. त्याला इंग्रजीत शिया बटर म्हणतात. तिच्या भाषेतला शब्द काही माझ्या जिभेवर बसला नाही.

मग मला माझंच हसू आलं. आमच्याकडे तरी काय? तूप परवडत नसे तेव्हा हेच कोकमतेल भाकरीला लावून लोकांनी दिवस काढलेच की. मी वडा तोंडात टाकला. आमच्या वड्यापेक्षा हलका, जरासा धुरकट वासाचा. चार खाल्ले. पाचवा तिने बळेच वाढला.

खाऊन झाल्यावर तिने मला लोणी कसं काढतात ते सांगितलं आणि मला नवल करावं तेवढं थोडं वाटू लागलं. रानातल्या झाडाची फळं बायकांनी वेचायची. गर खायचा. बी वाळवायची, फोडायची, भाजायची, वाटायची. मग त्या काळ्या लगद्यात पाणी घालून कोपरापर्यंत हात बुडवून मळत बसायचं, तासन्‌तास, पांढरं फेसासारखं वर येईपर्यंत. ते काढून उकळायचं की हे पिवळं लोणी. आणि हे सगळं काम बायकांचं, पुरुष हात लावत नाहीत. मी उठून उभीच राहिले. “अगो, आमचंही असंच!” मी तिला हातवारे करून दाखवलं: बी वाळवली, फोडली, कुटली, उकळत्या पाण्यात टाकली, तेल वर आलं, निवलं, मुठीत दाबलं. तिने माझी मूठ आपल्या हातात धरून उलटसुलट पाहिली. मग स्वतःचा हात पुढे केला. तिच्या तळव्याला आणि माझ्या तळव्याला एकाच जागी घट्टे होते. एवढ्या लांबच्या बाईशी माझं इतकं जुळावं याचं मला दिवसभर आश्चर्य वाटत होतं.

तिने डब्यातलं थोडं माझ्या मनगटावर लावलं. दाणेदार होतं, क्षणात विरघळलं आणि कातडीत मुरलं. माझं तेल तसं नाही. ते टणक, कपचे निघणारं, घासावं तेव्हा पाझरतं, पण गुण तोच. जाताना ती म्हणाली, “वंदना को भी दिया था. एक बार. हाथ के लिए.”

रविवार, दुपार, पार्लर

वंदना मागच्या खोलीत जेवून पडली होती, मी उगाच पार्लरमधल्या फळ्या न्याहाळत होते. आरशाच्या बाजूला काचेच्या लहान लहान डब्यांची उतरंड. डबीवर सोनेरी अक्षरांत इंग्रजी नाव, खाली देवनागरीत ‘अस्सल आफ्रिकन शिया बटर’, आणि एका झाडाचं चित्र. मला वाटलं, अरे वा, अझाराचं लोणी इथे विकायला आहे! उघडली. आत गुलाबी. वास गुलाबाचा, उग्र, नाकात झोंबणारा. बोट घातलं तर कपचा निघाला.

मी तो कपचा तळहातावर घासला. हळूहळू पाझरला. तीस वर्षं जे माझ्या मुठीतून निघालं ते मी ओळखणार नाही? ते कोकमतेल होतं. माझं.

वंदनाला मी गदागदा हलवून उठवलं. तिने आधी उडवाउडवी केली, मग रडायला लागली, मग उलट माझ्यावरच चिडली.

“कोकम म्हटलं की बायका नाक मुरडतात, मावशी. म्हणतात, आमच्या गावीच आहे, त्याला काय पैसे द्यायचे. आणि शिया म्हटलं की टीव्हीत बघितलेलं असतं. अझाराकडचा एक गोळा काचेच्या बरणीत ठेवलाय, तो दाखवते. सांगते, वरच्या मजल्यावर आफ्रिकन बाई राहते, तीच आणून देते. बायका तिला जिन्यात बघतात आणि डबी घेऊन जातात.”

“आणि हा गुलाबी रंग?”

“कलर. एसेन्स. आणि थोडं ते गोरं करायचं क्रीम मिळतं ना सुटं, ते. नुसत्या तेलाने फरक दिसत नाही लवकर.”

“सुटं म्हणजे? त्यात काय असतं?”

“मला काय माहीत? सगळेच वापरतात.”

मी डोक्याला हात लावला. स्वतःच्या हातांना तेल का लावत नाहीस, हे विचारायची गरजच उरली नव्हती. गोळा ना गोळा डबीत जात होता. मी तिला वाट्टेल ते बोलले. “लाज वाटते का? तुला खोटं बोलायला शिकवलं का मी?” सगळं बोलले. पण बोलण्यापलीकडे काही केलं नाही, हे इथे लिहायलाच हवं. त्याच दुपारी गिऱ्हाइकांना फोन करून डब्या फेकायला लावायला हव्या होत्या. मी फक्त तिच्याकडून शपथ घेतली की यापुढे करणार नाही, आणि चहा टाकला. आपली पोर आहे म्हटल्यावर माणूस रागावतं आणि तिथेच थांबतं.

सोमवार, होळी

सकाळी नऊला फोन वाजला आणि वंदनाचा चेहरा पांढराफटक पडला. होळी गावच्या कुंदाताईंचा फोन. त्यांच्या पल्लवीचं लग्न शुक्रवारी, नवरीचा मेकअप वंदनाकडे. लग्नाआधी चेहरा उजळावा म्हणून पंधरा दिवसांपूर्वी वंदनाने तिला ती डबी दिली होती, रोज सकाळ-संध्याकाळ लावायला.

आम्ही रिक्षा केली. तुळिंजमधून निघून होळीच्या वाटेला लागलो आणि मला क्षणभर वाटलं, आपण कोकणातच परतलो. दोन्ही बाजूंना केळी, मोगऱ्याचे वाफे, अळू, नवलकोल, गोल बांधीव विहिरी आणि पाटातून खळखळणारं पाणी. एवढ्या इमारतींच्या कुशीत अशी हिरवी वाडी असेल यावर माझा विश्वास बसेना. बांधावर उभं राहून चार गोष्टी विचाराव्यात असं वाटलं, पण थांबायला वेळ नव्हता.

पल्लवी माजघरात पाठमोरी बसली होती. वळली आणि मी किंचाळायचीच बाकी राहिले. गाल लालबुंद, सुजून वर आलेले. डोळ्यांच्या फटी झालेल्या. हनुवटीला पाण्याचे फोड. तीन दिवसांवर हळद आणि पोरीचा हा अवतार! ती रडतही नव्हती, कारण डोळ्यांतलं पाणी गालावर आलं की झोंबत होतं.

कुंदाताई साधी, राबणारी बाई. पहाटे उठून भाजी वसईच्या बाजारात नेणारी. तिने आरडाओरडा केला नाही. तेच जास्त वाईट होतं.

“वसईच्या डॉक्टरांकडं नेलं व्हतं काल,” ती म्हणाली. “ते म्हनतात, काय लावलं ते नीट सांगा, त्यात कोनतं औषध हाय ते कळल्याबिगर पुढचं कसं देऊ. नायतर डाग कायमचे राहतील. वंदना, ते त्या आफ्रिकन बाईचंच ना गं? तिनंच काय मिसळलं असंल?”

मी वंदनाकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. समोर ती पोर बसलेली आहे, आता तरी सांगेल.

“हो,” वंदना म्हणाली. “तिचंच. मला जसं दिलं तसं मी दिलं.”

माझ्या मांडीवर झोपलेली ही पोर, आणि किती सहज बोलली! मी तोंड उघडलं आणि मिटलं. हो, मिटलं. कुंदाताईने त्यातही आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुक्या बोंबलाची चटणी, वर घरच्या केळ्यांची सुकेळी. सुकवलेलं केळं इतकं गोड असतं हे मला ठाऊक नव्हतं. एरवी मी त्यावर पानभर लिहिलं असतं. त्या दिवशी मी मान खाली घालून ताट रिकामं केलं.

मंगळवार, जिना

बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो? कुंदाताईचा भाऊ तुळिंजला राहायचा, तो सकाळीच आमच्या इमारतीत येऊन सेक्रेटरींना भेटून गेला. दुपारपर्यंत जिन्यात बायकांचे घोळके. “काहीतरी जादूटोण्याचं असेल.” “त्यांच्याकडे काय काय लावतात देव जाणे.” “माझ्या सुनेनेही घेतली होती डबी.” कालपर्यंत त्या पोरीच्या वेण्यांचं कौतुक करणाऱ्या याच बायका. चार वाजता सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर गेले आणि अझाराच्या घरमालकालाही फोन झाला. सगळ्यांच्या सह्यांची नोटीसच तिच्या हातात दिली: शनिवारपर्यंत खोली रिकामी करा, नाहीतर पोलिसांत तक्रार देतो.

थोड्या वेळाने अझारा खाली आली. पार्लरचं दार वाजवलं. वंदनाने आतून कडी घातली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

“वंदना,” बाहेरून आवाज आला. “तुम बोलो ना उनको. मैंने एक गोला दिया. सिर्फ शिया. तुम जानती है.”

वंदना हलली नाही. अझाराने पुन्हा दार वाजवलं, या वेळी हळू. मग तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून वर गेला.

“तू सांगतेस की मी सांगू?” मी विचारलं.

“मावशी, माझं पार्लर बसेल.”

“आणि तिचं घर?”

“तिचं काय? ती भाड्याची. उद्या दुसरीकडे जाईल. मी कुठे जाऊ?”

आयुष्यात मी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. त्या दिवशी उचलला. तिच्या गालावर माझी बोटं उमटली आणि आम्ही दोघी एकमेकींकडे भूत बघितल्यासारख्या बघत राहिलो. मग मी म्हटलं, “तेल माझं आहे. मी माझ्या तोंडाने सांगणार, त्या पोरीच्या डॉक्टरला आणि या इमारतीला. तुझी इच्छा असो नसो.” आणि चप्पल घातली.

रिक्षात बसले तेव्हा दुसऱ्या बाजूने चढून वंदनाही बसली. कुंदाताईच्या ओटीवर तिने एकदम खाली बसून सगळं सांगितलं: कोकम, रंग, एसेन्स, ते सुटं क्रीम, कोणत्या दुकानातलं, किती. मीही सांगितलं की रविवारपासून मला माहीत होतं आणि काल याच घरात जेवताना मी गप्प बसले. पल्लवी आतून दारात येऊन उभी होती. सुजलेल्या ओठांनी तिने एवढंच विचारलं, “वंदनाताई, लग्नात मला कोन बघनार हाय, ठाऊक हाय ना तुला?” कुंदाताईने फोन उचलून डॉक्टरांना लावला आणि रिसीव्हर वंदनाच्या हातात दिला. “सांग,” ती म्हणाली. “मला सांगितलंस तसंच.”

गुरुवार आणि शुक्रवार

बुधवारी सकाळी वंदना आपणहून सेक्रेटरींकडे जाऊन सगळं सांगून आली, त्यामुळे इमारतीचंही मिटलं असं मी धरून चालले. डॉक्टरांनी औषध बदललं. त्या क्रीममध्ये जे असू नये ते भलतंच काही होतं, असं ते म्हणाले. बुधवारी डोळे उघडले, गुरुवारी फोड बसले. हळद लागली ती फक्त हातापायांना. करवल्या गालाकडे हात नेऊन परत मागे घेत होत्या आणि पल्लवी त्यांना हसत होती. आमच्याकडे असं केलं असतं तर म्हाताऱ्यांनी अपशकुन म्हणून गहजब केला असता. इथे एका आजीबाईंनी सरळ सांगितलं, “पोरगी हाय तर हळद हाय,” आणि विषय संपला. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

शुक्रवारी ती बोहल्यावर उभी राहिली ती चेहऱ्याला काही न लावता. गालांवर तांबूस चट्टे होते. नवऱ्या मुलाने अंतरपाट दूर झाल्यावर तिच्याकडे पाहिलं आणि खुद्‌कन हसला, तीही हसली. माझ्या डोळ्यांना धार लागली.

पण मला खरा धक्का बसला तो वेगळाच. पल्लवीचा अंबाडा घालायला कुंदाताईने वंदनालाच बोलावलं होतं! पाच-सहा दिवसांपूर्वी जिच्यामुळे पोरीचं तोंड भाजलं तिच्याच हातात पोरीचं डोकं. “चुकली, कबूल झाली. आपलीच हाय,” असं कुंदाताई म्हणाली आणि वंदनाच्या पदरात नारळ घातला. लग्नातल्या दोन बायकांनी तिथेच तिला मेहंदीचं विचारलं. मला आनंद झाला. खोटं का सांगू, मला फार आनंद झाला. माझी पोर सावरली. आता घरी जायचं आणि अझाराला सांगायचं, सगळं मिटलं.

संध्याकाळी परतल्यावर, नोटीस रद्द झाल्याची खात्री करून घ्यावी म्हणून मी आधी सेक्रेटरींकडे गेले. चांगला माणूस, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सांगितलं, त्या बाईचा काडीचाही दोष नाही, दोष आमचा.

“हो, कळलं ना आम्हाला,” ते म्हणाले. “वंदनाने येऊन सांगितलं. मोठं मन लागतं त्याला.”

“मग ती नोटीस?”

“ती राहू दे आता. एकदा विषय निघाला, सगळ्यांची सही झाली. बायकांना जिन्यात भीती वाटते म्हणतात. आणि मावशी, भाडेकरूच ना ते?”

मी पुष्कळ बोलले. रागाने बोलले, हात जोडून बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला जिन्यापर्यंत सोडायला आले. बाहेर येऊन मी कठड्याला धरून उभी राहिले. सत्य सांगितलं की सुटतं, एवढं एकच मला आजवर पक्कं ठाऊक होतं. सांगितलं होतं, आणि सुटली होती वंदना!

शनिवार

टेम्पो खाली उभा होता. मीरा रोडला अझाराच्या नवऱ्याच्या ओळखीचं कोणी होतं, तिकडे ते जाणार होते. अझाराने वंदनाला काही म्हटलं नाही. वंदना दारात येऊन “सॉरी” म्हणाली, त्यावर तिने मान हलवली आणि भांड्यांची पिशवी उचलली. जिन्यातल्या बायका आपापल्या दारांआड होत्या.

मुलगी टेम्पोजवळ उभी होती. थंडीने तिचे ओठ फुटले होते. अझारा लोण्याचा डबा शोधत होती आणि तो सामानात कुठेतरी खाली गेला होता. मी धावत आत गेले. गावाहून आणलेला एक गोळा माझ्या पिशवीत तसाच होता, केळीच्या सुक्या सालीत, सोपात, बांधलेला, वंदनाच्या हाताला न लागलेला. तो मी तिच्या पुढे धरला. मला दुसरं काय देता येणार होतं?

तिने तो घेतला. सोप सोडला. नाकाजवळ नेऊन वास घेतला, अंगठ्याने जरासा घासला. कसं काढतात, कशात उकळतात, मुठीत कसं दाबतात, हे सगळं मी तिला स्वतः दाखवलं होतं. माझ्या तळव्याचे घट्टे तिने बोट फिरवून पाहिले होते.

“आंटी,” तिने विचारलं, “इसमें क्या है?”

“कोकम,” मी म्हटलं. “सिर्फ कोकम. और कुछ नहीं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. तिने तो गोळा पुन्हा सोपात गुंडाळला, गाठ मारली, माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

“नहीं आंटी,” ती म्हणाली. “बच्ची को लगाना है.”